दोन मात्रांचं खेचर

मिंटी प्रेटरच्या स्वयंपाकघरात घड्याळ टिकत नसे. शाळेनं दोनदा लावून दिलं आणि दोन्ही वेळा तिनं ते खिळ्यावरून उतरवून मक्याच्या पिठाच्या पिंपामागं ठेवून दिलं. घेवडा शिजला म्हणजे शिजला, काट्यांनी टोचून तो काही लवकर शिजत नाही, असं तिचं म्हणणं. आणि तरी सव्वीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की जेवणाची घंटा झाली आणि पोरांची ताटं वाढून तयार नाहीत. म्हणून तिला कुणी काही बोलत नसे. बोलून उपयोगही नव्हता.

वय अठ्ठावन्न, उंची बेताची, मनगटं मात्र पैलवानाची. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "चांगले होते ते खाणीत गेले, उरले ते माझ्या हातच्या घेवड्याला नावं ठेवायचे." रेवन ओढ्याच्या दोन्ही काठांवर लहानथोर सगळे तिला मिंटी मावशी म्हणत. तिचा बाप फॅरिस प्रेटर कोळशाच्या खाणीतला कामगार आणि आमच्या सगळ्या घळींमध्ये नावाजलेला फिडलवाला; फिडल म्हणजे व्हायोलिनच, नाचासाठी वाजवलेलं. एकोणीसशे एक्कावन्न साली तो गेला आणि त्याचं फिडल मिंटीकडं आलं, पोटात टाकलेल्या खुळखुळ्या सापाच्या शेपटीसकट. ती शेपटी तिनं काढली नाही. एक तर उंदीर लागत नाहीत, आणि दुसरं, चर्चमधल्या कुणी फिडलला सैतानाची पेटी म्हटलं की ती पेटी त्याच्या कानाशी धरून खुळखुळवता येते.

फॅरिसची म्हणून जी चाल आहे तिचं नाव 'किट पाण्यात'. किट हे फॅरिसच्या बापाचं खेचर. ओढा ओलांडताना ते बरोबर मधोमध थांबायचं. मारा, शिव्या घाला, सफरचंद दाखवा, ढिम्म. मनात आलं की आपलं आपण निघायचं. फॅरिसच्या चालीतही ते तसंच थांबतं. चाल दुडक्या पावलांनी येते, उतारावरून पाण्यात शिरते, आणि सोळा मात्रा संपल्या की पुढं जायचं सोडून गज जागच्या जागी दोनदा हलतो. फक्त दोनदा. मग निघते. म्हणजे ओळ सोळाची नाही, अठराची. नाचणारे त्या ठिकाणी हात कमरेवर ठेवून दोनदा पाय आपटायचे, धप्प धप्प, आणि मग जोडीदारीण बदलायची. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचताही येत होतं.

सदतीस सालच्या उन्हाळ्यात एक माणूस गाडीच्या डिकीत तबकड्या कोरायचं यंत्र घालून डोंगरात आला. फॅरिसनं त्याला पाच चाली वाजवून दिल्या. तबकड्या राजधानीतल्या ग्रंथालयात गेल्या. पाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका संगीतकारानं त्यातली किट ऐकली आणि तिच्याभोवती 'डोंगरी नाच' नावाची एक भलीमोठी रचना उभी केली. ऐंशी वादक, पितळी तुताऱ्या, नगारे. शेवटच्या भागात आधी एकच व्हायोलिन किट वाजवतं, मग सगळे मिळून तिच्यावर तुटून पडतात. पण या सगळ्या प्रवासात कुठंतरी दोन मात्रा गळल्या. ऐंशी जणांची किट ओढ्यात थांबत नाही. सोळा झाल्या की सरळ पलीकडं.

आणि लोकांना ती आवडली. नुसती आवडली नाही, डोक्यावर घेतली. बेचाळीस वर्षं झाली, तेवढ्यात किती गाणी आली नि गेली, हिचा रंग काही उडाला नाही. बर्फावर नाचणारी माणसं तिच्यावर नाचतात, शाळांचे बँड ती वाजवून बक्षिसं घेतात, टीव्हीवरच्या जाहिरातीत पिकअप ट्रक चिखलातून उडत येतो तेव्हा मागं तीच. ज्यांनी जन्मात खेचर पाहिलं नाही त्यांचेही पाय टेबलाखाली हलायला लागतात.

मिंटीनं ती पहिल्यांदा धड ऐकली ओहायोत. बाविसाव्या वर्षी ती तिकडं टायरच्या कारखान्यात कामाला गेली होती. आमच्या घळीतली अर्धी पोरं तेव्हा तिकडंच होती. एका रविवारी बागेत फुकटचा कार्यक्रम होता. परक्या गावातलं ते परकं हिरवळीचं मैदान, आणि एकदम समोरून किट आली, उन्हात चमकणाऱ्या पितळेसकट. शेजारी बसलेल्या पोलिश बाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिनं हसून मिंटीचा हात धरला आणि ठेका धरला. मिंटीला रडू फुटलं. पण थांब्याच्या जागी तिचा पाय सवयीनं दोनदा आपटला आणि तोवर ऐंशी माणसं पुढं निघून गेली होती. थांब्यावर आपण हात दाखवून उभं राहावं आणि बसनं न थांबता निघून जावं, तसं तिला झालं. पुढं तीन वर्षांनी बापाच्या मातीला ती परत आली ती ओहायोला गेलीच नाही. फिडल हातात धरलं. शिकवायला कोण होतं? पायांना जेवढं आठवत होतं तेवढं तिनं बोटांना शिकवलं.

या विषयावर तिला दोन जातीच्या माणसांचा राग यायचा. एक म्हणायचे, शहरवाल्यांनी तुझ्या बापाची चाल चोरली. त्यांना ती म्हणायची, "चोरायला काय कोंबडी आहे? किट माझ्याकडं पण आहे आणि त्यांच्याकडं पण आहे." दुसरे म्हणायचे, बघ, केवढी सुधारून दिली त्यांनी. त्यांना ती काहीच म्हणत नसे. नुसतं बघायची, आणि त्या माणसाला दुसऱ्यांदा घेवडा मिळायचा नाही. तबकडी कोरली त्या दिवसाबद्दल मात्र ती कुणाशीच बोलत नसे. अकरा वर्षांची होती तेव्हा, तिथंच ओसरीत बसली होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

चौऱ्याऐंशी साली जिल्ह्याची शंभरी आली. समितीनं थेट मोठ्या शहरातला ऑर्केस्ट्रा बोलावला. शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये 'डोंगरी नाच' होणार, आणि सुरुवातीचं ते एकट्या व्हायोलिनचं वादन फॅरिस प्रेटरची मुलगी करणार, मग त्यांच्यासोबत शेवटपर्यंत वाजवणार. समितीचा अध्यक्ष होता शाळेचा मुख्याध्यापक डेल्बर्ट कॉन्ली. ही बातमी सांगायला तो स्वतः स्वयंपाकघरात आला.

"मावशी, आपल्या जिल्ह्याचं नाव होईल," तो म्हणाला. "त्यांचे कंडक्टर स्वतः तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत."

"कंडक्टर?" बटाटे सोलता सोलता झेल्फानं विचारलं. झेल्फा म्हणजे मिंटीच्या हाताखालची, वीस वर्षांची जुनी. "मग तिकीट काढायला लागेल का रे आम्हाला?"

"ऑर्केस्ट्राचे कंडक्टर, झेल्फाबाई."

"असू दे की. मिंटे, त्याला एवढं सांगून ठेव, या थांब्यावर गाडी थांबते."

मिंटी हसली नाही. तिनं हात पुसले आणि विचारलं, "किट थांबणार ना रे डेल्बर्ट?"

"तुम्ही म्हणाल तसं, मावशी," डेल्बर्ट म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

शनिवारी दुपारी तालीम. लाकडी जमिनीला ओरखडे नकोत म्हणून हॉलभर ताडपत्री अंथरलेली, नगारे बरोबर बास्केटखाली. कंडक्टर स्ट्रॅटन चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. मिंटीला पाहताच त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मिस प्रेटर, मी आठ वर्षांचा होतो. आईच्या रेडिओवर ही रचना लागली. संपेपर्यंत मी उभाच होतो. दुसऱ्या दिवशी व्हायोलिन मागितलं. तुमच्या वडिलांमुळं मी इथं आहे."

खोटं बोलणारा माणूस मिंटीला लांबून ओळखू यायचा. हा खोटं बोलत नव्हता. तिला तो आवडला, आणि म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

ती खुर्चीवर बसली, फिडल हनुवटीखाली न धरता आमच्या पद्धतीनं छातीशी धरलं आणि सुरू केलं. मागचे ऐंशी जण ऐकत राहिले. मग त्यांना शिरायची खूण झाली. सोळा मात्रा झाल्या, मिंटी ओढ्यात थांबली आणि ऐंशी जण तिच्या अंगावरून पुढं गेले. एखादा ट्रे उलथावा तसा आवाज झाला. स्ट्रॅटननं हात वर केला.

"पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तुताऱ्या एकीकडं आणि नगारे दुसरीकडं.

"मिस प्रेटर," स्ट्रॅटन जवळ येऊन म्हणाला, "ओळीच्या शेवटी तुमच्या दोन मात्रा जास्त होतात."

"जास्त नाहीत. तुमच्या दोन कमी होतात."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. स्ट्रॅटनही हसला, पण मान हलवत. "छापलेलं सोळाचं आहे. ती रचना आता सगळ्या जगाला तशीच माहीत आहे. मी कोण त्यात बदल करणारा? असं करू या का, आधी तुम्ही एकट्या तुमच्या पद्धतीनं वाजवा. लोक ऐकतील. मग ऑर्केस्ट्रा वेगळा सुरू करेल, सरळ."

"म्हणजे आधी म्हातारी दाखवायची आणि मग तिची शिकलेली नात?"

"माझा तसा अर्थ नव्हता."

"नसेल. पण लोकांना तसंच दिसेल. बघा, आधी हे असं लंगडं होतं, मग शहाण्यांनी नीट केलं. बेचाळीस वर्षं हेच ऐकतेय मी. किट थांबेल तर सगळ्यांसोबत थांबेल. नाहीतर तुमचं तुम्ही वाजवा."

आता डेल्बर्ट पुढं झाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मावशी, दोन मात्रांचा काय एवढा हट्ट? इतक्या लांबून माणसं आलीत. उद्या आपलं हसं होईल."

"डेल्बर्ट, सातवीत असताना तू माझ्याकडं रोज दुसऱ्यांदा ताट घेऊन यायचास. मी कधी म्हटलं का, एवढा काय हट्ट?"

डेल्बर्ट लाल झाला. स्ट्रॅटनला वाद वाढवायचा नव्हता. त्यानं बॅगेतून एक टेप काढली. "हे मी उद्या मंचावर तुम्हाला भेट देणार होतो," तो म्हणाला. "ग्रंथालयातून तबकडीची नक्कल करून आणलीय. तुमच्या वडिलांची. ऐकू या? आपला वाद त्यातच मिटेल असं मला वाटतं."

हॉलच्या कर्ण्यातून आधी नुसती खरखर आली. मग फॅरिस प्रेटर आला. तेहतीस वर्षांत मिंटीनं बापाचा हात ऐकला नव्हता. गज तारेवर पडायच्या आधी तो घ्यायचा ती छोटीशी ओढ, ती सुद्धा होती. झेल्फा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. व्हायोलिनवाले मान पुढं काढून ऐकत होते. फॅरिस उतारावरून आला, पाण्यात शिरला, सोळा मात्रा झाल्या आणि न थांबता पलीकडं गेला. दुसऱ्या वेळी गेला. तिसऱ्या वेळी गेला. सरळ, ओळंब्यात, एक मात्रा इकडची तिकडं नाही.

"घ्या!" डेल्बर्टचा जीव भांड्यात पडला. "तुमच्या डॅडींनीच सरळ वाजवलंय, मावशी. कुणी काही कापलं नाही, कुणी काही गाळलं नाही."

टेप अजून संपली नव्हती. चाल थांबल्यावर पुन्हा खरखर, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग एका माणसाचा दबका, थोडा धास्तावलेला आवाज आला.

"झालं का गं सरळ, मिंटी?"

उत्तर नाही. खटका पडला आणि टेप संपली.

हॉलमध्ये सगळे मायेनं हसले. बापानं लेकीला विचारलं, किती गोड, असं ते हसू. मिंटी खुर्चीवरून उठली होती. तबकडीचं यंत्र तोवर बंद झालं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. सत्तेचाळीस वर्षं ती तसंच समजत होती.

"हसू नका," ती म्हणाली.

हसणं थांबलं.

"मिशन शाळेत आमच्या बाई होत्या, पूर्वेकडच्या. त्यांनी एकदा डॅडींना वाजवताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पट्टी टेबलावर आपटून दाखवली. एक दोन तीन चार. म्हणाल्या, मिंटीच्या वडिलांना मोजता येत नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग यंत्रवाला आला. डॅडी अंघोळ करून, खाणीतला शर्ट बदलून, चर्चचा शर्ट घालून बसले होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, डॅडी, त्या लोकांसमोर लंगडं वाजवू नका. ते मोजतात."

स्ट्रॅटननं टेप यंत्रातून काढून घेतली.

"त्यांना खरंच मोजता येत नव्हतं. सही पण अंगठ्याची होती. ते मोजून मात्रा टाकत नव्हते, खेचर थांबत होतं म्हणून थांबत होते. आणि पोरीनं सांगितलं म्हणून त्यांनी खेचर हाकललं. चांगलं हाकललं ना? ऐकलंत ना तुम्ही? एकदाही चुकले नाहीत. मग मला विचारलं, सरळ झालं का. मी नुसती मान हलवली." तिनं फिडल पेटीत न ठेवता काखेत घट्ट धरलं. "त्यानंतर ते जिवंत होते तोवर माझ्यासमोर त्यांनी किट वाजवली नाही. मी घरात नसले की ओसरीत वाजवायचे. मी फाटकाशी आले की थांबायचे."

डेल्बर्ट ताडपत्रीकडं बघत होता.

"तर मिस्टर स्ट्रॅटन, तुमच्या त्या न्यूयॉर्कवाल्या माणसाचा काही दोष नाही. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. सगळ्या जगात किट जी धावत सुटलीय ती मी सोडलीय. अकराव्या वर्षी मला लाज वाटली. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा तीच लाज वाटून घ्यायची, तुमच्या कागदासाठी? नाही वाटून घेणार. मी उद्या येणार आणि ओढ्यात थांबणार."

स्ट्रॅटनचा चेहरा उतरला होता. पण तोही आपल्या कामाला पक्का होता. "मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला, "मनापासून सांगतो. पण ऐंशी जणांच्या पुढ्यात छापील कागद आहेत. मी उद्या सोळाच घेणार. रचना माझी नाही, मिस प्रेटर. तुमची नाही, तशी माझीही नाही."

"छापील कागदावर पेन्सिल चालत नाही का?"

तो काही बोलायच्या आत झेल्फा दारातून नाहीशी झाली आणि दोन मिनिटांनी शाळेच्या पिवळ्या पेन्सिलींचं खोकं घेऊन आली. मुख्याध्यापकांच्या देखत तिनं व्हायोलिनवाल्यांच्या पहिल्या रांगेपासून सुरुवात केली आणि बटाटे वाढावेत तशी एकेकाच्या पुढ्यात एकेक पेन्सिल ठेवत गेली.

"आमच्याकडं आहेत बाई, प्रत्येकाकडं," एक वादक म्हणाला.

"असू देत. ही टोक काढलेली आहे," झेल्फा म्हणाली, आणि पुढं सरकली.

स्ट्रॅटननं तालीम आवरली. मिंटीला जाताना त्यानं टेप दिली. तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली.

रविवारी तीनला हॉल भरला. उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या रांगांमध्ये घळींतले म्हातारे, बरेचसे कोळशानं छाती गेलेले, दोघांच्या शेजारी ऑक्सिजनच्या नळकांड्या. रेडिओच्या माणसानं बास्केटच्या कड्याला मायक्रोफोन टांगला होता, तो बरोबर मिंटीच्या डोक्यावर लोंबत होता. तिनं निळा झगा घातला होता, पायात मात्र स्वयंपाकघरातले जाड तळव्यांचे जोडे. डेल्बर्टनं भाषण केलं. त्यात त्यानं किटचं नाव काढलं नाही. पेन्सिलींचंही नाही.

सुरुवातीचे भाग झाले. छान झाले. मग शेवटचा. स्ट्रॅटननं मिंटीकडं बघून मान झुकवली आणि तिनं एकटीनं सुरू केलं. सोळा झाल्या. ती थांबली. गज जागच्या जागी दोनदा हलला आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, धप्प धप्प. कुणी ठरवलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांना जिना चढता येत नव्हता त्यांचे ते पाय होते.

मग ऑर्केस्ट्रा शिरला. सोळा झाल्या आणि ऐंशी जण तिच्यावरून पुढं गेले. ती थांबलेलीच. लोकांत चुळबुळ झाली. डेल्बर्टनं डोळे मिटून घेतले. स्ट्रॅटननं डोळ्यांनीच विनवलं, या ना आमच्याबरोबर. ती आली नाही. दोन मात्रा मागं राहूनच वाजवत राहिली. एवढ्या पितळेपुढं एक फिडल म्हणजे काय ऐकू येणार, पण गज चाललेला सगळ्या हॉलला दिसत होता. दुसऱ्या फेरीला सोळा झाल्या, आणि मागच्या व्हायोलिनच्या चार जणांनी नजर कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणेवर ठेवून गज जागच्या जागी दोनदा हलवला. त्यांच्या बाजूच्या सहा जणांनीही. बाकीचा ऑर्केस्ट्रा पलीकडं, दहा जण पाण्यात, वर समोरून दोनशे पाय, धप्प धप्प. कंडक्टर होऊन सोळा वर्षं झाली असतील स्ट्रॅटनला, असा गोंधळ त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याची मान घामानं भिजली.

तिसऱ्या फेरीला तो मिंटीकडं बघतच होता. सोळा झाल्या. त्याचा हात वर गेला आणि वरच राहिला. तुताऱ्यांनी श्वास रोखला. नगारेवाल्याच्या काठ्या हवेत. ऐंशी माणसं, दोन नळकांडी लावलेले म्हातारे, डेल्बर्ट, दारात हात एप्रनमध्ये गुंडाळून उभी असलेली झेल्फा, सगळे ओढ्यात उभे. फक्त मिंटीचा गज हलला, एकदा, दुसऱ्यांदा. धप्प धप्प. मग हात खाली आला आणि सगळे एकदम निघाले. त्यानंतर शेवटपर्यंत किट प्रत्येक वेळी थांबली.

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता येणार नाही, तिथंही घड्याळ नव्हतं. स्ट्रॅटन वाकून मिंटीला काहीतरी म्हणत होता. तिचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं वर बघितलं, कड्याला टांगलेल्या त्या मायक्रोफोनकडं, आणि घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"नाही झालं सरळ, डॅडी. थांबली ती."

रेडिओच्या त्या टेपवर टाळ्यांच्या मधोमध ते स्पष्ट ऐकू येतं. सोमवारी तिनं नेहमीसारखा घेवडा शिजत टाकला.